गोठा, शेत आणि मोहोळ

वाशीम शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म असे होते. इसवी सनाच्या चौथ्या व पाचव्या शतकांत वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी येथे होती. वत्स नावाच्या ऋषींवरून हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. परंतु 'वत्स' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ वासरू असा आहे. आणि ह्या जिल्ह्यातील एखाद्या लहानशा शेतावर पहाटेच्या वेळी गेले, म्हणजे हा दुसरा अर्थच मनाला अधिक पटतो. गाय हंबरत असते, वासरू दावे ताणून तिच्याकडे झेपावत असते, आणि शेतकऱ्याच्या दिवसाचा प्रारंभ त्या हंबरण्यानेच होतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील बहुतेक शेती पावसाच्या पाण्यावर अवलंबून असते. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा ही येथील मुख्य पिके. शेताला आमच्या वऱ्हाडात 'वावर' म्हणतात आणि दोन वावरांमधील बांधाला 'धुरा'. माझ्या थोरल्या बंधूंचे असेच चार एकरांचे एक वावर पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. दोन बैल, एक गाय व तिचे वासरू, तीन शेळ्या, दहाबारा कोंबड्या आणि धुऱ्यावरील कडुनिंबाच्या सावलीत मधमाश्यांच्या दोन पेट्या, एवढा तेथील संसार. ह्या संसाराचे वर्ष कसे जाते आणि त्यातील प्रत्येक जीव दुसऱ्याच्या उपयोगी कसा पडतो, ते आपण पाहू.

शेतकऱ्याचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आकाश भरून येते. परंतु पेरणीची तिफण बाहेर काढण्यापूर्वी एक काम उरकावे लागते. ते म्हणजे जनावरांना रोगप्रतिबंधक लस टोचून घेण्याचे. घटसर्प आणि फऱ्या हे रोग पावसाळ्यात झपाट्याने पसरतात. शेळ्यांना नवे कोवळे गवत अधाशीपणे खाल्ल्यामुळे आंत्रविषार होण्याची भीती असते. रोग आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो येण्यापूर्वीच बंदोबस्त करणे शहाणपणाचे. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी ह्या त्वचारोगाची साथ आली, तेव्हा हा धडा अनेक गावांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

पाऊस पडला, की पेरणी होते. पीक वीतभर वाढले, की दोन ओळींमधून बैलांचा डवरा फिरू लागतो. डवरणीमुळे तण उपटले जाते आणि मातीची भेग बुजून ओल टिकून राहते. आज नांगरणी व पेरणी पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने होते. परंतु उभ्या पिकातून रोपांना न दुखावता चालण्याचे कसब अजूनही बैलांपाशीच आहे. ज्याच्याकडे एकच बैल असतो, तो शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करतो. आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या, असा हा व्यवहार पैशावाचून चालतो.

पावसाळ्यात चारा हिरवागार असतो, तरी गुराख्याने सावध राहावे लागते. ज्वारीचे कोवळे धाट दिसावयास फार गोजिरे; परंतु त्यात एक विषारी द्रव्य असते. भुकेली गाय त्यात शिरली, तर काही वेळातच तिचा प्राण जाऊ शकतो. धाट वाढून फुलोऱ्यावर आले, म्हणजे हे विष कमी होते. जे आज घातक, तेच उद्या उत्तम वैरण ठरते.

गुरांना हा सुकाळ असला, तरी मधमाश्यांना मात्र आषाढ हा दुष्काळाचा महिना. संततधारेमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही आणि पडता आले, तरी फुलांतील मकरंद धुऊन गेलेला असतो. आमच्या पेट्यांत सातेरी जातीच्या माश्या आहेत. ह्या आपल्या देशातील मूळच्या माश्या. त्या अंधाऱ्या जागी, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात, म्हणूनच त्यांना पेटीत पाळता येते. उंच फांदीला किंवा कड्याला एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. सातेरी माश्यांची उपासमार झाली, तर त्या पेटी सोडून निघून जातात. म्हणून पावसाच्या दिवसांत त्यांना साखरेचा पातळ पाक द्यावा लागतो. मुंग्यांनी वर चढू नये, म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात.

श्रावण संपता संपता पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकतात आणि त्यांना तूप व हळद चोळतात. दोन महिने जूने घासलेल्या त्या खांद्यांवर हात फिरवताना शेतकरी त्यावर जखम आहे की काय, हेही पाहून घेतो. सण आणि शुश्रूषा येथे वेगळी राहत नाहीत. अमावास्येच्या दिवशी बैलांना काम नसते. त्यांना न्हाऊ घालून, सजवून पुरणपोळीचा घास देतात. जो वर्षभर मुकाट्याने राबतो, त्याचे ऋण निदान एक दिवस तरी उघडपणे मान्य करावे, हा त्या सणाचा अर्थ होय.

भाद्रपदात ऊन पडू लागते. तीळ फुलतो, मका तुऱ्यावर येतो, धुऱ्यावर रानफुलांची गर्दी होते, आणि पेटीच्या दाराशी माश्यांची ये-जा वाढते. ही वेळ मोहोळाचे निरीक्षण करण्यास उत्तम. एका मोहोळात एक राणीमाशी, काही नर आणि हजारो कामकरी माश्या असतात. राणीचे काम एकच, अंडी घालणे. बाकी सर्व कामे कामकरी माश्यांची. पोळ्याची सफाई, पिलांना भरवणे, मेणाची षट्कोनी घरे बांधणे, दारावर पहारा करणे आणि शेवटी मध व पराग गोळा करणे, ही कामे माशी आपल्या वयानुसार एकामागून एक करीत जाते. कामाच्या दिवसांत तिचे आयुष्य अवघे सहा आठवड्यांचे असते. एवढ्या आयुष्यात ती जो मध तयार करते, तो चहाच्या चमच्याच्या सुमारे बाराव्या भागाइतका भरतो. पोळीवर आपण चमचाभर मध सहज घेतो, तेव्हा बारा माश्यांच्या जन्मभराची मिळकत आपल्या ताटात आलेली असते.

दूरचे फूल माश्यांना सापडते कसे? एखादी माशी फुलोरा शोधून परतली, म्हणजे ती पोळ्यावर एक विशिष्ट नाच करते. ती शरीर हलवीत सरळ रेषेत चालते, मग वळसा घेऊन पुन्हा त्याच रेषेवर येते. पोळे उभे टांगलेले असते. उभ्या रेषेशी तिच्या नाचाचा जो कोन, तोच सूर्याच्या दिशेशी फुलांच्या दिशेचा कोन. आणि त्या सरळ चालण्यास जितका वेळ अधिक, तितके फुलांचे अंतर अधिक. हे गूढ ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी उकलले. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंधाऱ्या पेटीत, शब्दावाचून, एक बहीण दुसरीला वाट सांगते. ह्याहून मोठे आश्चर्य कोणते?

आश्विनात सोयाबीनची सोंगणी होते. धान्य बाजारात जाते. परंतु मळणीनंतर उरलेले कुटार घरी येते. ते गाय-बैल-शेळ्यांचे वर्षाचे अन्न होय. ज्वारीच्या कडब्याची गंजी रचतात, तुरीच्या काड्या कुडासाठी व चुलीसाठी ठेवतात. माणसाने दाणा घ्यावा, जनावराने काडी घ्यावी आणि त्याने दिलेले शेण मातीने घ्यावे, अशी ही वाटणी फार जुनी आहे. तीत वाया जाणारे असे काहीच नाही. कोंबड्यासुद्धा दिवसभर उकिरडा उकरून माश्यांच्या अळ्या टिपतात आणि गोठ्यातील गोचिडांचा फडशा पाडतात.

ह्याच सुमारास आमची गाय व्याली. गाईचा गर्भकाळ नऊ महिन्यांहून थोडा अधिक, शेळीचा पाच महिने. कोंबडीच्या अंड्यातून मात्र एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर येते. व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्याचा खरवस सर्वांना आवडतो; परंतु त्यावर पहिला हक्क वासराचा. नवजात वासराच्या अंगी रोगाशी झगडण्याचे बळ जवळजवळ नसते. ते त्यास चिकातून मिळते. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर पुढे कितीही दूध पाजले, तरी ती उणीव भरून येत नाही. आमच्या घरी म्हणूनच वासराचे पोट भरल्यावाचून खरवसाचे भांडे चुलीवर चढत नसे.

शेळी ही गरिबाची गाय असे म्हणतात. विदर्भातील बेरारी जातीची शेळी उन्हाळा सोसते आणि बाभळीच्या शेंगांवर व बोरीच्या पाल्यावरही गुजराण करते. परंतु तिला मोकळे सोडले, तर ती धुऱ्यावरील नवे रोप मुळापर्यंत कुरतडते. म्हणून तिला दोराने बांधून चारावे, किंवा पाला तोडून तिच्यापुढे टाकावा. जनावर पाळणे म्हणजे त्याच्यावर माया करणे खरे. परंतु त्याला मर्यादा घालून देणे हाही त्या मायेचाच भाग आहे.

हिवाळ्यात शेत फुलून येते. तुरीला पिवळी फुले येतात, करडई केशरी होते, कोथिंबिरीच्या शेंड्यांवर पांढरी छत्रे उघडतात. वाशीम जिल्ह्यात अनेक शेतकरी कांद्याचे बीजोत्पादन करतात. कार्तिकाच्या आसपास कांदे लावले, की माघ-फाल्गुनात उंच दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येतो. त्या एका गेंदात शेकडो बारीक फुले असतात. गंमत अशी, की प्रत्येक फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि तो धारण करणारा भाग मागाहून तयार होतो. त्यामुळे ते फूल स्वतःचा पराग स्वतःला देऊ शकत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कोणी आणून दिला, तरच बी धरते. वारा हे काम फारसे करू शकत नाही. ते मधमाश्या व इतर कीटकच करतात. सोयाबीनचे फूल बहुतेक आपल्याच परागावर भागवते; कांद्याच्या फुलाला मात्र पाहुण्याची वाट पाहावी लागते.

हे सारे मी आज नीट मांडून सांगत आहे. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरात ते कोणासही पुरते उमगले नव्हते. त्या वर्षी दादांनी अर्ध्या एकरात बियाण्याचा कांदा लावला होता. गेंद उमलले आणि त्यावर फुलकिडे दिसू लागले. पीक हातचे जाईल, ह्या धास्तीने दादांनी सकाळी दहाच्या सुमारास कीटकनाशकाची फवारणी केली. त्या वेळी गेंदांवर माश्यांचा गुंजारव चालला होता. संध्याकाळी माझी पुतणी, जी तेव्हा सहावीत शिकत होती, पेट्यांकडे गेली आणि धावत परत आली. पेट्यांसमोरची जमीन मेलेल्या माश्यांनी काळी झाली होती. काही माश्या गरगर फिरत होत्या. त्यांना उडता येत नव्हते. ती एका वाटीत माश्या वेचू लागली. एकशे चाळीसपर्यंत मोजल्यावर तिने मोजणे सोडून दिले. मग ती दादांना एवढेच म्हणाली, "बाबा, आज फवारा आहे, हे ह्यांना कोणी सांगितले होते का?"

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी लबाडी केली नव्हती, की आळसही केला नव्हता. पीक वाचवण्यासाठीच ते उन्हात राबले होते. परंतु अज्ञानाचे फळ हेतू पाहून मिळत नसते. थोड्याच दिवसांत एक पेटी ओस पडली. फुलकिडे गेले, पण त्यांच्यामागे पाहुणेही गेले. गेंद वाळले, तेव्हा ते चोळून पाहिले, तर बहुतेक फुले फोल निघाली. काळे बी तळहातावर मोजता येईल इतकेच. पोते अर्धेही भरले नाही.

पुढील वर्षी दादांनी जाणकारांना विचारून काही नियम केले. पिकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयाचे आणि किडीचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वी करावयाचा. ऐन फुलोऱ्यात फवारणी टाळावयाची. ती अगदीच अटळ ठरली, तर माश्यांना कमीत कमी अपाय करणारे औषध निवडावयाचे आणि सूर्यास्तानंतर, माश्या घरी परतल्यावर, ते फवारावयाचे. आदल्या दिवशी पेट्या असलेल्या शेजाऱ्याला सांगावयाचे, म्हणजे त्यास त्या दूर नेता येतील. माशी मकरंदासाठी सुमारे एक ते दीड किलोमीटर फिरते. तिला धुरा ठाऊक नसतो. म्हणून एकट्याने नियम पाळून भागत नाही, शेजाऱ्यानेही तो पाळावा लागतो. पहिल्या वर्षी काहीजण हसले. पुढे त्यांच्याही वावरांत बियाण्याचा कांदा आला आणि हसणे थांबले. मागाहून आमच्या भागात संध्याकाळी धुऱ्यावरून हाक ऐकू येऊ लागली, "उद्या माझ्याकडे फवारा आहे हो!" सहावीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

त्यानंतर पेटी पुन्हा वसली. मध काढण्याची रीतही दादांनी नीट शिकून घेतली. पूर्वी मोहोळाला धूर देऊन किंवा जाळून माश्या हाकलत आणि पोळे पिळून मध काढीत. त्यात अंडी, पिले, सारेच चिरडले जाई. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ ह्यांच्या ध्यानात आले, की पोळ्यांमध्ये ठरावीक अंतराची वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत. त्यावरून उचलून काढता येणाऱ्या चौकटींची पेटी तयार झाली. खालच्या खणात पिले, वरच्या खणात मध. वरच्या चौकटी यंत्रात फिरवून मध काढावयाचा आणि पोळे माश्यांना परत द्यावयाचे. त्यातही सर्व मध घ्यावयाचा नसतो. त्यांच्या अडचणीच्या दिवसांपुरता त्यांच्यापाशी राहू द्यावयाचा. आपल्या राज्यात महाबळेश्वर हे मधमाशीपालनाचे जुने केंद्र आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांविषयीची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जनावरे, झाडे, पक्षी आणि माती ह्यांचा मेळ साधून शेती करणारे, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी सुभाष शर्मा ह्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. लहान वावरातील ह्या जुन्या वाटणीची दखल आता दूरवर घेतली जात आहे.

मग उन्हाळा येतो. पारा ४० अंशांच्या वर जातो, नाले कोरडे पडतात. खड्ड्यातील शेणखत कुजून काळे, भुसभुशीत झालेले असते; ते गाडीने वावरात नेऊन पसरतात. कच्चे शेण टाकले, तर त्यात हुमणीची अळी वाढते आणि ती पुढे पिकांची मुळे खाते. म्हणून खत कुजेपर्यंत धीर धरावा लागतो. गोठ्याच्या तट्ट्यांवर पाणी शिंपडून गुरांना गारवा देतात. आणि पेटीतील माश्या काय करतात? त्याही तेच करतात! त्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर ठेवतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडून जाते व आतील हवा थंड राहते. मनुष्याने जे तट्टीवर केले, ते माशीने मेणावर केले.

२० मे हा दिवस जगभर मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. १७३४ साली जन्मलेले स्लोव्हेनियातील मधमाशीपालनाचे आद्य शिक्षक आंतोन यान्शा ह्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली हा दिवस ठरवला. त्यांच्या देशात तेव्हा फुलांचा बहर असतो. आपल्याकडे मात्र ते ऐन वैशाख-ज्येष्ठातील तापलेले दिवस. माश्यांना त्या वेळी मधापेक्षा पाण्याची निकड अधिक. माझ्या पुतणीने पेट्यांजवळ एक पसरट मातीचे ताट ठेवले आहे. त्यात ती रोज सकाळी पाणी भरते आणि माश्या बुडू नयेत, म्हणून मधोमध खडे ठेवते. त्या खड्यांवर बसून माश्या पाणी पितात. दुपारी गोठ्यातील वासरूही दावे तोडून तेथवर पोहोचते आणि एका घोटात ताट रिकामे करते. मग ती त्यास रागे भरते, पुन्हा बांधते आणि ताट पुन्हा भरून ठेवते.